फी परवडत नाही? मग पळायला लाग!

पोरा, बारावीला साठ टक्के पडलेत, बापाकडं दीड एकर कोरडवाहू आहे आणि इंजिनिअरिंगची फी ऐकून आई देवापुढं जाऊन बसलीय, एवढ्यानं खचू नकोस. तुझ्यासारख्यांसाठी सरकारनं 2022 सालीच शिष्यवृत्ती काढलीय. तिचं नाव अग्निपथ, म्हणजे फौजेत चार वर्षांची भरती. बँक जामीनदार मागते. इथं छाती 5 सेंटिमीटर फुगली की झालं.

उद्यापासून पहाटे चारला उठ. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलेस की पैकीच्या पैकी 60 गुण, दहा पुलअप्स काढल्यास की आणखी 40. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीची फी मात्र आधी भरावी लागते. फी मिळवायला फी कशाला, असले प्रश्न विचारू नकोस. ते कॉलेजात गेलेल्यांचं काम.

निवड झाली की चौकात फ्लेक्स लागेल. त्यावर सरपंचांच्या खालच्या कोपऱ्यात नीट बघ, तूच आहेस.

आता पैशाचं बघू. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000. हातात 21,000, उरलेले 9,000 सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात. पगार वाढत वाढत चौथ्या वर्षी 40,000 होतो, पण 30 टक्के कापायचं काही कुणी विसरत नाही. चार वर्षांत तुझे 5.02 लाख, सरकारचे तेवढेच, व्याज धरून सुमारे 11.71 लाख. शिवाय करमुक्त! म्हणजे निम्मी शिष्यवृत्ती तुझी तूच स्वतःला दिलीस. इतका दानशूर विद्यार्थी दुसरा कुठं सापडायचा?

शंभरातले फार तर पंचवीस जण कायम होतात. तू आपला पंचाहत्तरांतच राहा, नाहीतर कॉलेजला कोण जाणार? बाहेर पडताना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. बरंच आहे की. बाविसाव्या वर्षी 'माजी' म्हणवून घेणं काय शोभतं? आणि माजी सैनिकांच्या मुलांना शिष्यवृत्ती असते, ती तुझ्या पोरांना लागू नाही. त्यांनाही पळायची सवय राहील.

पदवीची सोयसुद्धा आहे, इग्नू या मुक्त विद्यापीठाची बी.ए. निम्मे श्रेयांक नोकरीतल्या प्रशिक्षणाचे, निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांचे. दिवसभर परेड, रात्री पहारा, मधल्या वेळात अर्थशास्त्र. तेवढं मात्र मन लावून वाच, पुढं उपयोगी पडेल.

कारण सेवानिधी खात्यावर आला रे आला की घरात बैठक बसते. सोसायटीचं थकलेलं कर्ज. ताईचं लग्न. स्लॅब. चुलत्याला बोअर मारायचीय, तो व्याजानं नको म्हणतो, घरचाच माणूस आहे. शेवटी आई हळूच म्हणते, "तुझ्या शिक्षणाला ठेव बाबा थोडं." ठेव थोडं.

मग कॉलेजात जा. रांगेत पुढं-मागं सतरा-अठरा वर्षांची पोरं असतील, तुला 'काका' म्हणतील, मनावर घेऊ नकोस. खिडकीपाशी पोचलास की पाय आपोआप जुळतील, तेवढं सांभाळ. क्लार्क मार्कशीट उलटीपालटी करून बघेल आणि मान वर न करता विचारेल, "बारावीनंतर चार वर्षांचा गॅप दिसतोय. काय करत होतास?"

सांगत बसू नकोस. गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. स्टॅम्प पेपर घेऊन ये, खिडकी दोनला बंद होते.