साठ अंड्यांचा हिशोब आणि खुडूक कोंबडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा एवढ्यावरून वर्षभरात आमच्या परसात वीस-बावीस पक्षी कसे झाले, या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचा मुद्दा बऱ्याच जणांच्या मनात असतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गावठी कोंबडी वर्षाला 60 अंडी घालते, म्हणजे पाच जणींची 300. निम्मी फुटली तरी 150 पिल्लं. "मग ताई, तुमच्याकडे वीसच कशी? खुडूक (अंडी उबवायला बसणाऱ्या) कोंबडीवर विसंबणं सोडा, अंडी उबवायचं मशीन घ्या, नाहीतर गिरिराज-वनराज या सुधारित जाती आणा. कोंबडाही बदला. लोकांना हळू चालायला शिकवू नका."

आधी त्या 60 अंड्यांचं बघू. गावठी कोंबडी 12 ते 15 अंडी घालते आणि खुडूक होते. मग 21 दिवस अंड्यांवर बसते. पुढे दोन-अडीच महिने पिल्लं घेऊन फिरते, आणि तोवर अंडं घालत नाही. म्हणजे एक फेरा जवळपास चार महिन्यांचा, वर्षाला फार तर तीन फेरे. 60 अंडी हवी असतील तर तिला बसू द्यायचं नाही. पिल्लं हवी असतील तर अंडी चाळीसच्या आसपासच धरायची. तुमच्या हिशोबात एकच कोंबडी दोन्ही कामं एकाच वेळी करते आहे.

त्यात आमचा राजापूर तालुका, कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबर मी एकही कोंबडी अंड्यांवर बसवत नाही. जमीन ओली, पिल्लांचे पाय-पोट ओलं, की पिल्लं गारठतात आणि रक्ती हगवण लागते. पावसात जन्मलेल्या पिल्लांचं मरण फार वाईट असतं, ते मला बघवत नाही. एप्रिल-मे मध्येही अडचण असते. साठवून ठेवलेल्या अंड्यात उन्हाळ्याच्या उष्म्याने गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ हाच आमचा खरा हंगाम. त्यात दोन फेरे झाले तर पुष्कळ, आणि प्रत्येक वेळी पाचही जणी बसतात असं नाही.

खाली 12 अंडी ठेवली तर 9-10 पिल्लं निघतात. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, कोरं दिसलं तर काढायचं. इथपर्यंत नुकसान थोडं असतं. खरी गळती त्यानंतरच्या आठ आठवड्यांत होते: घार, मुंगूस, कावळा आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. एका पिलावळीतली पाच-सहा जगली तर ती वेळ चांगली गेली म्हणायची. त्यांत निम्मे कोंबडे. ते राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला दिले जातात, गटारीच्या आधी विकले जातात. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, उरतात दोन-तीन. त्यातल्याही काही कोणी मागितल्या म्हणून द्यायच्या, म्हाताऱ्या कोंबड्या कमी करायच्या. वीस-बावीस हा आकडा एवढं सगळं होऊन उरलेला आहे.

आता मशीन. मशीन 21 दिवसांचं काम करतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तापमान 37.5 अंशांवर राहिलं, अंडी फिरवली, शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा वाढवला, तर पिल्लं निघतात. पण आमच्याकडे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. आणि पिल्लं निघाल्यावर काय? पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यावी लागते. गळती तर अंड्याबाहेर आल्यावरच होते, आणि तिथे मशीनचा उपयोग संपलेला असतो.

तिथे आईच लागते. आमच्या मागच्या मांगरापाशी पिल्लं उकरत असतात. वर घार दिसली की कोंबडी एकच बारीक, लांब सूर काढते, आणि पिल्लं आवाज न करता शेणीच्या ढिगाखाली, झुडपात शिरून थिजून बसतात. कुत्रा किंवा मुंगूस आला तर तिचा आवाज वेगळा, तुटक आणि मोठा कलकलाट. पिल्लं आवाजावरून ओळखतात, धोका आभाळातून आहे की जमिनीवरून. दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांना अंगणात सोडलं की ती घारीखाली उघड्यावर चरत राहतात. 

गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राचा. दोन्ही चांगले. अंडी गावठीच्या दुप्पट, वजनही लवकर भरतं. ज्याला अंडी विकायची आहेत त्याने जरूर घ्यावेत. पण त्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे दरवेळी पिल्लं विकत आणायची. मी लिहिलं होतं ते आपोआप वाढणाऱ्या कळपाबद्दल.

मानमोडीबद्दल मात्र हात जोडून सांगते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात पुढची टोचणी. लशीची कुपी शंभर-दोनशे डोसांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून एका वाडीतल्या चार-पाच घरांनी पिल्लं एकाच सुमाराला काढावीत आणि कुपी वाटून घ्यावी. बर्फात घालून आणा. कळप वाढवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि लोक नेमका हाच टाळतात.

कोंबडा बदलावा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो, पण आपल्याच घरच्या तलंगांवर तोच राहिला तर पिल्लं कमजोर निघतात. आम्ही दुसऱ्या गावाशी अदलाबदल करतो. एक लक्षात ठेवा: कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. नवीन आणल्यावर तेवढे दिवस अंडी खायला वापरा, मगच बसवायला ठेवा.

आणि कळप तीस-चाळीसवर नेण्याची मला घाई नाही, कारण परसातली वाळवी, किडे, कणी-कोंडा यांवर जगतील एवढेच पक्षी परसात राहावेत. त्यापुढे पोत्याने खाद्य आणावं लागतं, आणि कोंबड्या शेजारच्या मिरचीच्या वाफ्यात शिरतात. त्या भांडणात शेजारी बरोबर असतो.

तरीही तुम्ही मशीन घेणारच असाल तर असं करा. मशीनमध्ये अंडी ठेवाल त्याच दिवशी एका खुडूक कोंबडीलाही बसवा. दोन्हीकडची पिल्लं एकदमच निघतील. मशीनमधली पिल्लं एक-दोन दिवसांची असतानाच रात्री अंधारात तिच्या पंखांखाली सरकवा. ऊब देता येतील एवढीच द्या, पंधराच्या वर नको. पहाटे लवकर उठून बघा. ती टोचत नसेल तर तिने घेतली. टोचत असेल तर पिल्लं लगेच काढून दिव्याखाली ठेवा.