बोअर मारायला परवानगी कशाला?

‘पर्यावरणवाल्यांच्या परवानग्यांमुळे रियासीचं ५९ लाख टन लिथियम (बॅटरीत लागणारा धातू) जमिनीत पडून आहे. शोध म्हणजे काही खाण नव्हे. चार बोअर मारायला कागद कशाला? खाण निघेल तेव्हा घ्या की जनसुनावणी!’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय.

आधी रियासी. जम्मूतल्या या जिल्ह्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला ५९ लाख टनांचा आकडा लिथियमयुक्त खनिजाचा आहे. निव्वळ लिथियम त्यातला अगदी थोडा अंश. शिवाय तो ‘जी-३’ पातळीचा, म्हणजे प्राथमिक शोधावरून बांधलेला अंदाज. सरकारने हा ब्लॉक, म्हणजे खनिजाचा पट्टा, लिलावात काढला, पण तीन पात्र बोलीदारही जमले नाहीत म्हणून मार्च २०२४ मध्ये लिलाव रद्द करावा लागला. वनखात्याने कुणाचा हात धरला नव्हता, पुरेशी गिऱ्हाईकंच फिरकली नाहीत. इथलं लिथियम चिकणमातीसारख्या थरांत आहे आणि तसल्या मातीतून ते परवडेल अशा खर्चात काढणं जगातही अजून रुळलेलं नाही.

मग अजून शोध हवा, हे कबूल. पण तो परवानगीने अडला होता का? खनिज पूर्वेक्षणाला, म्हणजे खाणीआधीच्या शोधाला, २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेतून दुरुस्तीने कधीच सूट मिळालेली आहे. वनजमिनीवरही झाडं न तोडता, ठरावीक संख्येपर्यंत, चार इंची भोकं पाडायला केंद्राच्या मंजुरीची गरज नव्हती. म्हणजे ‘चार बोअर’ आधीपासूनच मोकळे होते! कागद लागायचा तो त्याहून जास्त बोअरना. २०२३ च्या वन कायद्यातील दुरुस्तीने सर्वेक्षण आणि पूर्वेक्षण ‘वनेतर वापर’ या व्याख्येतूनच बाहेर काढलं. केंद्राच्या अटी तेवढ्या राहिल्या.

बोअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेतातली विंधन विहीर येते. जंगलात मात्र रिग, म्हणजे भोकं पाडायचं यंत्र, न्यायला वाट काढावी लागते, जागा सपाट करावी लागते, पाणी ओढावं लागतं, गाळाला खड्डे लागतात. हे एकदा नाही, दर बोअरला. (विमानातून होणाऱ्या सर्वेक्षणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.)

‘शोध म्हणजे खाण नव्हे’ हे कागदावर खरं. पण २०२३ मध्येच खाण कायद्यात जो नवा शोध परवाना आला, त्यात परवानाधारकाची कमाई कशातून? त्याने शोधलेल्या जागेचा खाणीसाठी लिलाव झाला, तर खाणवाला जे अधिमूल्य (लिलावात बोललेली रक्कम) भरेल त्यातल्या वाट्यातून. खाण झालीच नाही तर त्याच्या हाती काय उरतं?

राहिली जनसुनावणी, म्हणजे मंजुरीआधी स्थानिकांचं म्हणणं ऐकून घेणं. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने आण्विक, महत्त्वपूर्ण आणि सामरिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून वगळलं. लिथियम त्याच यादीत आहे. तेव्हा ‘खाण निघेल तेव्हा घ्या’ असं लिहिणाऱ्याने ती नेमकी कुठल्या नियमाखाली घ्यायची, तेही पुढच्या मजकुरात टाकावं.