लुबिन गेला, तो थेट अण्णांच्या घरी

शनिवारी संध्याकाळी बंड्या आला तो तणतणतच. गाडी लावली, दार आपटलं आणि म्हणाला, "जायचं तर जा, पण स्टेटला?"

लुबिन, बंड्याच्या लाडक्या कॅरोलायना कॉलेजचा बास्केटबॉलपटू, शेजारच्या स्टेटला निघाल्याची बातमी २०२५ च्या एप्रिलमधली, आणि आता निम्मा जून सरला. पण गेल्या आठवड्यात कोर्टाने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी दिली आणि बंड्याच्या जखमेची खपली पुन्हा निघाली.

आमचा कट्टा म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत, चॅटहॅम स्ट्रीटवरच्या एका किराणा दुकानासमोरचा सिमेंटचा कठडा आणि अण्णांच्या गाडीची उघडी डिकी. डिकीत चहाचा थर्मास. स्टेट, ड्यूक, कॅरोलायना, तिन्ही कॉलेजं इथून अर्ध्या-पाऊण तासात. त्यामुळे भांडायला लांब जावं लागत नाही.

"नोत्र देम, व्हँडरबिल्ट, कॅरोलायना, आता स्टेट," बंड्या बोटं मोजत म्हणाला. "चार वर्षांत चार कॉलेजं! आमचे डीन स्मिथ प्रशिक्षक होते तेव्हा कुणाची हिंमत..."

"तू अमेरिकेत कधी आलास रे?" वैशालीने विचारलं.

"२००६."

"डीन स्मिथ १९९७ ला निवृत्त झाले. तेव्हा तू कोथरूडला क्लासच्या चकरा मारत होतास."

वैशाली नागपूरची, कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली. आमच्यातली कोर्टवर घाम गाळलेली ती एकटीच. बाकी आम्ही सगळे सोफ्यावरचे खेळाडू.

"मुद्दा निष्ठेचा आहे," बंड्याने आवाज चढवला.

"बरं. तू आजवर किती कंपन्या बदलल्यास?"

बंड्या चहा फुंकायला लागला. उत्तर शिरीषने दिलं. "पाच. सहावीची मुलाखत मंगळवारी आहे."

"तुला कुणी सांगितलं असतं, की एच-वन व्हिसा ट्रान्सफर कर, नव्या कंपनीत ये, पण पहिलं वर्ष बेंचवर बसायचं, कोडला हात लावायचा नाही, तर?" वैशालीने विचारलं.

'बेंच' म्हटल्यावर सगळेच गप्प झाले. २००९ मध्ये बेंचवर काढलेले दोन महिने मी अजून विसरलेलो नाही. आणि या पोरांना २०२१ च्या एप्रिलपर्यंत हाच नियम होता. कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर. आधी एका बदलीला सूट मिळाली, मग २०२४ मध्ये कितीही वेळा बदला, फक्त अभ्यासात पास व्हा, असं ठरलं.

"आणि त्याच काळात प्रशिक्षक काय करत होते?" वैशाली थांबेना. "सेंट पीटर्स आठवतं? २०२२. एवढंसं कॉलेज, राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावं मानांकन, केंटकीला हरवून शेवटच्या आठांत गेलं. सगळा देश त्या पोरांच्या प्रेमात. प्रशिक्षक हॉलोवे लगेच सीटन हॉलला. मग पोरंही पांगली. कॅलिपरी पंधरा वर्षं केंटकीत राहून आर्कान्सॉला गेला. प्रशिक्षक गेला की त्याचं करिअर, पोरगा गेला की गद्दार. काहून?"

"आमचे जुने प्रशिक्षक रॉय विल्यम्स, त्यांच्यासारखी माणसं..." बंड्याने सुरुवात केली, आणि तिथेच तो सापडला.

"रॉय विल्यम्स आले कुठून?"

"कॅन्ससहून."

"२००० साली कॅन्ससवाल्यांना 'मी राहतोय' म्हणाले, आणि २००३ ला इकडे आले. कॅन्ससवाल्यांच्या दुःखात तू सामील झाला होतास का?"

"तेव्हा मी पुण्यात होतो," बंड्या म्हणाला, आणि कठडा हसून हादरला.

शिरीषला वाटलं आता आपली पाळी. शिरीषने ड्यूकमध्ये एक दिवसही काढलेला नाही, पण ड्यूकचा टी-शर्ट त्याच्या अंगातून निघत नाही. "आमच्याकडे हा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "आमची पोरं एक वर्ष खेळतात आणि सरळ एनबीएला जातात. फ्लॅगच बघ."

"बघितला ना. सॅन अँटोनियोत उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटात सहा गुणांची आघाडी घालवताना सगळ्यांनीच बघितला," बंड्याला एकदम हुशारी आली. "आणि श्रीखंडाचं काय?"

श्रीखंड निघालं म्हणजे आता पंधरा मिनिटं गेली. २ एप्रिल २०२२. पाडवा शनिवारी आला होता आणि त्याच रात्री न्यू ऑर्लिन्सला ड्यूक-कॅरोलायना सामना. आम्ही सगळे बंड्याकडे. शिरीषने घरी चक्का बांधून श्रीखंड केलं होतं, केशर-वेलचीचं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कॅरोलायनाच्या केलेब लवने तीन गुणांचा फटका घातला, कॅरोलायना ८१-७७ जिंकलं, ड्यूकचे प्रशिक्षक कोच के यांची कारकीर्द तिथे संपली. शिरीष उठला, फ्रिज उघडला आणि न वाढलेला डबा घेऊन घरी निघून गेला. पानात पुऱ्या तशाच.

"डबा बायकोचा होता," शिरीष तीन वर्षं हेच सांगतोय.

"पण तो लव तरी कुठे राहिला?" अण्णा हळूच म्हणाले. "वर्षभरात गेलाच की ॲरिझोनाला."

बंड्याचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं. कॅरोलायनाच्या गावात, चॅपल हिलच्या रस्त्यावर, त्या रात्री बंड्या अनोळखी लोकांच्या गळ्यात पडला होता, आणि ज्याच्यासाठी पडला तो पुढच्याच वर्षी दुसऱ्या रंगात.

अण्णा १९८२ ला एमएस करायला स्टेटला आले. पुढच्याच एप्रिलमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध ५४-५२, लोरेन्झो चार्ल्सने शेवटच्या क्षणी वरून रिंगमध्ये दडपलेला तो बॉल, मिठी मारायला माणूस शोधत धावणारा प्रशिक्षक वाल्वानो. ते हा प्रसंग सांगतात तेव्हा मध्ये कुणी बोलत नाही.

"तुम्ही का गप्प, अण्णा? लुबिन तुमच्याकडेच आला ना?" बंड्या म्हणाला.

"मला कुठल्या तोंडाने तक्रार करता येईल? २०२४ चा मार्च. दहावं मानांकन, पाच दिवसांत पाच सामने जिंकले. ड्यूकला हरवलं, मग तुम्हाला. १९८७ नंतर पहिल्यांदा आपल्या गटाची स्पर्धा, एसीसी, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, फायनल फोर. ओ'कॉनेलचा तो व्हर्जिनियाविरुद्धचा बॉल, बोर्डाला लागून आत गेला तेव्हा मी देवासमोर दिवा लावला. आणि सामना सुरू करणारे पाचही दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. बर्न्स विन्थ्रॉपहून, हॉर्न ॲरिझोना स्टेटहून, मोर्सेल व्हर्जिनियाहून, ओ'कॉनेल स्टॅनफर्डहून, डियारा मिझुरीहून. कॉलेज बदलायचं हे पोर्टल नसतं तर मला ते दिवस दिसले नसते."

चहा संपला होता तरी कप हातात धरून ते पुढे म्हणाले, "पण ओ'कॉनेल सोडला तर पुढच्या वर्षी पाचांतला एकही उरला नाही. बारा जिंकले, एकोणीस हरले. आदल्या वर्षीचे विजेते, आणि एसीसीच्या स्पर्धेत प्रवेशसुद्धा नाही. ज्या प्रशिक्षक किट्सचा करार त्या विजयाने दोन वर्षं वाढला, त्याला वर्षभरात घरी पाठवलं. मला अजून त्या पोरांशी नीट ओळख करून घ्यायची होती रे."

माझ्याही मनातलं हेच. आमच्या घरात हा खेळ आला तो मुलीमुळे. आर्मांडो बाकोट चॅपल हिलला आला तेव्हा ती दुसरीत होती, गेला तेव्हा सहावी संपवत होती. पाच हंगाम. त्याचा घोटा दुखावला की आमच्याकडे जेवणं लांबायची. आता दर ऑक्टोबरला ती मला नवीन नावं पाठ करून दाखवते आणि मार्चनंतर विचारते, "यातलं कोण राहिलं?" पोरांवर माझा राग नाही. वैशालीचं मला शंभर टक्के पटतं. पण जीव लावायला वेळ लागतो, आणि तो वेळच कुणी देत नाही.

"मग उपाय?" मी विचारलं.

"करार," वैशाली म्हणाली. "वर्षाला साडेवीस मिलियन डॉलरपर्यंत वाटायची परवानगी मिळाली ना प्रत्येक कॉलेजला? पैसे पगारासारखे देता, तर कागदही पगारदाराचा करा. दोन वर्षं तू राहा, दोन वर्षं आम्ही तुला काढणार नाही. पण कॉलेजांना त्यांना कर्मचारी म्हणायचं नाही. मोकळं सोडलंय त्यांनीच, आणि शिव्या खातात एकोणीस वर्षांची पोरं."

बंड्या यावर काही बोलला नाही. त्याचं लक्ष गाडीकडे गेलं होतं. मागच्या सीटवरून त्याचा मुलगा उतरला, अंगात कॅरोलायनाचा फिकट निळा शर्ट, पाठीवर लुबिन.

"बाबा, आता हा घालायचा का नाही?"

"लाल रंगात बुडव," अण्णा म्हणाले. "चालेल आमच्याकडे."

"निळ्यावर लाल चढवलात तर जांभळा होईल, अण्णा," वैशाली म्हणाली. "जांभळा म्हणजे लुइझियानाचं एलएसयू कॉलेज."

"मग तर उत्तमच," शिरीष म्हणाला. "तुमच्या नव्या प्रशिक्षकाला, विल वेडला, घरच्यासारखं वाटेल."

"तिथून तर त्याला काढलं होतं!" बंड्या ओरडला, आणि आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसला. अण्णांना ठसका लागला. पोरगा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा.

"घाल रे," अण्णा डोळे पुसत त्याला म्हणाले. "नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे मॅच बघायला ये. नाव तेच आहे ना?"

"श्रीखंड कोण आणणार?" बंड्याने विचारलं, आणि शिरीष गाडीची किल्ली शोधायला लागला.