आउटपुट एस्केपिंग बंद करणं हा उपाय का नव्हे: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

एक्सएमएल (खुणा घालून माहिती साठवायची पद्धत) फायलींतल्या एस्केपिंगवर, म्हणजे & सारख्या खास चिन्हाऐवजी त्याचा कोड लिहिण्यावर, मी जो लेख लिहिला त्यावर "एवढं पाल्हाळ कशाला? आउटपुट एस्केपिंग बंद करा, & सरळ उमटतो. आणि > एस्केप करायची सक्ती चूक आहे," असं तुम्ही लिहिलंय. > बद्दल तुमचं बरोबर. लेख दुरुस्त केला. एक्सएमएलच्या मजकुरात & आणि < उघडे ठेवता येत नाहीत, > चालतो. फक्त ]]> असा क्रम आला की तिथं > चा कोड, जसं &#62;, लिहावाच लागतो.

एस्केपिंग बंद करायचा सल्ला मात्र पटला नाही. खडे बाजारातल्या दुकानांची यादी घ्या. फाइलमध्ये 'पाटील &#38; सन्स' आहे (&#38; हा & चा कोड). पार्सरनं (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामनं) ती वाचली की आतल्या ट्रीमध्ये, म्हणजे मेमरीतल्या मांडणीत, नुसता & उरतो. एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) त्या ट्रीवरच काम करतं आणि शेवटी फाइल लिहिणारा भाग, सीरियलायझर, & पुन्हा एस्केप करतो. मधेच कुणी टेम्प्लेटमध्ये (एक्सएसएलटीतल्या रूपांतराच्या नियमात) हातानं & चं &#38; केलं, की त्यातला & परत एस्केप होतो. फाइलमध्ये &#38;#38; जातं, पडद्यावर 'पाटील &#38; सन्स'. (एक्सएसएलटी चालवणारा प्रोसेसर बहुधा 'अँप' हे नावाचं रूप लिहितो, अर्थ तोच.) तुम्ही एस्केपिंग बंद केल्यावर दुहेरी एस्केपची ही खूण झाकली जाते, पण ज्या नोंदीला हात लागलेला नाही तिथला & उघडा पडतो आणि पुढचा पार्सर तिथंच थांबतो. शिवाय १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्येही ही सोय पाळायची सक्ती प्रोसेसरवर नव्हती. फायरफॉक्सनं ती कित्येक वर्षं मानलीच नाही. २००७ च्या २.० मध्ये ती कालबाह्य ठरवली गेली आणि कॅरेक्टर मॅप (कोणत्या अक्षराऐवजी काय लिहायचं याची यादी) आले.

आपल्याकडच्या मराठी-कन्नड फायलींत खरा घोळ वेगळाच असतो. कन्नडमध्ये 'राजकुमार' लिहिताना ज् सुटा राहावा म्हणून त्याच्यानंतर &#8204; हे न दिसणारं अक्षर लागतं. 'साफसफाई'त ते गेलं की क ओत्तक्षर (खाली जोडलेलं छोटं अक्षर) होऊन बसतो. मराठीत &#8205; गाळलं की 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं. एचटीएमएलमधली यांची नावं डीटीडीशिवाय (अशी नावं जाहीर करणाऱ्या नियमावलीशिवाय) एक्सएमएलला कळत नाहीत, म्हणून आकडेच लिहा, आणि तेही इंग्रजी; &#८२०४; लिहिलंत तर पार्सर फाइलच नाकारतो.

तुमच्या आउटपुटमध्ये दुहेरी एस्केप शोधा. सापडलं तर आधी मूळ फाइल बघा. तिथंच दुहेरी असेल तर डेटा एकदाच दुरुस्त करा, नसेल तर टेम्प्लेटमधली ती बदलाबदल काढा.