'चोरी' म्हणण्याआधी : स्नॅपरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्नॅपर' हा बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश संगणकावरचा खेळ : पॅक-मॅनसारखंच चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळायचं. त्यावरच्या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. खाली नाव नाही. मजकूर असा : "काका, स्नॅपर ही पॅक-मॅनची उघड चोरी होती. तुमच्या पिढीला जुन्या डब्यांचे उमाळे येतात म्हणून चोराला कलाकार ठरवू नका. आणि पॅक-मॅन १९८० चा, १९८१ चा नाही. एम्युलेटरवर खेळून बघितला, पाच मिनिटांत कंटाळा आला. लेख निम्मा चालला असता."

आधी माझी चूक. नाम्को कंपनीचा पॅक-मॅन जपानमध्ये १९८० सालीच आला. मी १९८१ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. आभार.

आता 'उमाळे'. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मला काका म्हणालात, त्याचं काही नाही, वयाने असेनही. पण काका म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात हिणवायचं, ही कुठली रीत? मतभेद साध्या शब्दांत मांडता येतो. तुम्हाला तो तसा मांडायचाच नव्हता, हे त्या एका शब्दावरून कळतं.

मी कुठून बोलतो आहे तेही सांगतो. १९८४ साली शाळांत संगणक शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. पुढे आमच्या शाळेतही आले. खोलीबाहेर चपला काढायच्या, खिडक्या बंद ठेवायच्या, एका यंत्रासमोर पाच मुलं. एका सरांच्या नातेवाइकांनी इंग्लंडहून 'स्नॅपर' आणला होता. शनिवारी शाळा सुटली की सर अर्धा तास खेळू द्यायचे. डावीकडे झेड, उजवीकडे एक्स. माझा नंबर यायचा तेव्हा पाच-सात मिनिटं उरलेली असायची. तेवढ्यावर मी आठवडा काढायचो.

नववीच्या सुट्टीत मी ठरवलं, असला खेळ आपण स्वतः लिहायचा. बेसिक या सोप्या संगणकभाषेत. भुताचा आकार आलेखाच्या वहीत आठ बाय आठच्या चौकटीत काढला. आठ रंग हवे म्हणून पडद्याच्या मांडणीचा 'मोड २' हा प्रकार निवडला. तिथेच पहिला फटका बसला : तो पडदा एकटाच २० केबी मेमरी खातो आणि यंत्रात एकूण ३२. शिवाय त्या मोडमध्ये आडवी २० अक्षरं मावतात. मूळ खेळाचा चक्रव्यूह २८ चौकटी रुंद, आणि तोही उभ्या पडद्यासाठी आखलेला. म्हणजे तो जसाच्या तसा उचलून घरच्या टीव्हीवर ठेवताच येत नाही. गल्ल्या नव्याने आखाव्या लागतात, आणि एक गल्ली बदलली की पळायच्या वाटा बदलतात.

पुढचं संकट मला दिसलंच नव्हतं. माझं भूत ठिपक्यावरून गेलं की ठिपका पुसला जायचा. खेळाडूने काही खायच्या आत भुतंच अर्धा चक्रव्यूह साफ करायची! आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, यंत्रात हलत्या आकृत्यांसाठी वेगळं हार्डवेअर होतं, आकृती पार्श्वभूमीला हात न लावता तिच्यावरून सरकायची. बीबीसीत तसलं काही नाही. सगळं त्या एकट्या ६५०२ प्रोसेसरने करायचं : पूस, खालचं परत काढ, पुढे सरक, पुन्हा काढ. मला उत्तर सापडायला तीन आठवडे लागले. बेसिकमधली 'जीकॉल ३' ही आज्ञा वापरली की आकृती आणि खालचं चित्र यांचा एक्सॉर होतो, म्हणजे दोन्ही उलटवता येतील अशा रीतीने एकमेकांत मिसळतात, आणि तीच आकृती त्याच जागी पुन्हा काढली की खालचा ठिपका जसाच्या तसा परत येतो. त्या दिवशी मी घरी धावत गेलो होतो. तरीही एक भूत बरं चालायचं, चार सोडली की खेळ रांगायचा. मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची वेगवान भाषा, शिकल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं, आणि तोवर शाळा सुरू झाली.

जोनाथन ग्रिफिथ्स यांनी हे सगळं १९८२ मध्ये ॲकॉर्नसॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीसाठी 'स्नॅपर' लिहून करून दाखवलं, तेव्हा बीबीसी मायक्रो बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. याला तुम्ही एका शब्दात 'चोरी' म्हणता. तो शब्द लिहायला किती सेकंद लागले तुम्हाला?

कल्पना पॅक-मॅनचे कर्ते तोरू इवातानी यांची, हे माझ्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे. पहिल्या आवृत्तीतल्या आकृत्या मूळ खेळाच्या फार जवळ होत्या, म्हणून ती मागे घ्यावी लागली आणि नंतर हिरव्या टोपीचा, आखूड पायांचा गडी आला, हेही आहे. आकृत्या उचलणं चूकच होतं. पण आकृती वेगळी आणि खेळ वेगळा. अमेरिकेत पॅक-मॅनचे घरगुती हक्क असलेल्या ॲटारी कंपनीने 'के. सी. मंचकिन' या तशाच दुसऱ्या खेळाविरुद्ध दावा लावला, तेव्हा १९८२ च्या निकालात न्यायालयाने हाच भेद केला. निकाल मंचकिनच्या विरोधात गेला तो खादाड आणि भुतं या पात्रांमुळे. चक्रव्यूह, ठिपके, गुण मोजायची पद्धत यांवर कुणाची मक्तेदारी त्या न्यायालयाने मानली नाही. न्यायाधीशांनी जेवढा विचार केला तेवढा नाही, निदान त्याच्या दशांश तरी तुम्ही करायला हवा होता.

एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि लेखाची लांबी यांवर बोलण्यासारखं काही नाही. पाच मिनिटांत कंटाळणाऱ्याला लेख लांब वाटणारच.

ती आलेखाची वही माझ्याकडे अजून आहे. भुतांची पानं या रविवारी स्कॅन करून इथेच टाकतो. ती बघून झाल्यावरही 'चोर' हाच शब्द योग्य वाटला तर जरूर लिहा, पण या खेपेला खाली नाव घाला.