‘बोर्ड कुठलाही चालतो’ या मेसेजला माझं उत्तर

गेला महिनाभर सांगली-मिरजेतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘नवीन पीसी जोडताना मदरबोर्डवर पैसे घालवू नका. वेग प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीत असतो, बोर्ड ही नुसती जोडणारी पट्टी. सगळ्यात स्वस्त एच६१० (इंटेलचा स्वस्तातला चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, असलेला बोर्ड) घ्या आणि वाचलेल्या पैशांत आय५ऐवजी आय७ बसवा. हीटसिंक, वीज पुरवणारे जास्तीचे फेज हा कंपन्यांचा बाजार. महाग बोर्ड म्हणजे दिव्यांची आरास. बोर्ड जातो तो लाइटमुळे. वॉरंटी तर सगळ्यांना तीन वर्षं असतेच.’

मी विश्रामबागेत १८ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हा मेसेज वाचून पोरं आईवडिलांचे पैसे घेऊन दुकानात येतात, म्हणून मुद्दा-मुद्दा घेऊन लिहितोय.

‘बोर्ड नुसती पट्टी आहे.’ प्रोसेसरला लागते साधारण सव्वा व्होल्ट वीज, आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) देतो १२ व्होल्ट. बाराचे सव्वा करायचं काम सॉकेटशेजारच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटरचं. यालाच व्हीआरएम म्हणतात. आय७-१२७०० वर ६५ वॅट असं लिहिलेलं असतं, पण इंटेलच्याच आकड्यांनुसार तो टर्बोत, म्हणजे वाढीव वेगाने चालताना, १८० वॅटपर्यंत जातो. १८० ला सव्वाने भागा, १४४ अँपिअर येतात. घरातला ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह त्या इवल्याशा भागातून जाताना उष्णता होणारच, आणि ती बाहेर काढायला त्यावर हीटसिंक लागतो. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर तो नसतो.

तासगावचा एक लग्नाचं शूटिंग करणारा मुलगा गेल्या एप्रिलमध्ये पीसी घेऊन आला होता. आय७-१२७००, बिनहीटसिंकचा एच६१० बोर्ड, अगदी मेसेजात सांगितलाय तसा. तक्रार अशी की फोरके व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की सुरुवातीला पळतो, मग रांगतो. भर दुपारी लावून बघितलं. पहिली सात-आठ मिनिटं क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४ गिगाहर्ट्झच्या वर. मग खाली २ च्या आसपास. प्रोसेसरचं तापमान ७० सुद्धा नव्हतं, म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर मॉस्फेटवर धरला, तर ११० अंश! बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा गळा आवळत होता. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तीच एसएसडी हीटसिंकवाल्या बी६६० या मधल्या दर्जाच्या बोर्डावर चढवली आणि चार तासांचं एक्स्पोर्ट पावणेतीन तासांत उरकलं. त्याने आय७ चे पैसे मोजले होते आणि इतके दिवस तो आय५ चं काम करून घेत होता.

मेसेजवाले वेग मोजतात तो दोन मिनिटांच्या बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीवर. दोन मिनिटांत बोर्ड पुरता तापत नाही. मोजायचं तर चाळिसाव्या मिनिटाला मोजा.

‘वेग रॅम आणि एसएसडीत असतो.’ असतो, पण तो वापरू द्यायचा की नाही हे बोर्ड ठरवतो. एच६१० वर रॅमचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) नाही, त्यामुळे ३६०० ची डीडीआर४ रॅम घेतली तरी ती ३२०० वरच धावते. या चिपसेटवर एम.२ ला (एसएसडीच्या स्लॉटला) प्रोसेसरच्या थेट जेन४ लेन, म्हणजे वेगवान डेटा-वाटा, मिळत नाहीत. सेकंदाला ७ जीबी वाचणारी एसएसडी तिथे साडेतीनवर अडते. रॅमचे स्लॉटही दोनच. दोन्हीत ८-८ जीबी भरलेत आणि पुढे ३२ हवे झाले, तर जुन्या दोन्ही पट्ट्या काढून विकायच्या. आणि एक गोष्ट कुठल्याही बोर्डवर लक्षात ठेवा: १६ ची एकच पट्टी लावू नका, ८ च्या दोन लावा. ३२०० ची डीडीआर४ एका चॅनलवर (एकच पट्टी असताना) सेकंदाला २५.६ जीबी देते, दोनवर ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

‘महाग बोर्ड म्हणजे दिव्यांची आरास.’ इथे मी मेसेजच्या बाजूने आहे. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावात ‘के’ नाही त्याला झेड७९० हा महागडा बोर्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण त्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग वाढवायचा गुणक) उघडतच नाही. मार्केट यार्डातल्या पेढीवर टॅली, जीएसटी आणि प्रिंटर एवढंच काम असेल तर आय३-१२१०० आणि एच६१० भरपूर झाले. तो प्रोसेसर टर्बोतही ८९ वॅटच्या वर जात नाही. मी स्वतः तिथे एच६१० च बसवतो. वाईट बोर्ड नाही तो, त्यावर आय७ बसवणं वाईट.

‘बोर्ड जातो तो लाइटमुळे.’ काही जातात. अर्थिंग नसलेल्या घरात कुठलाच बोर्ड सुखाने राहत नाही; वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. पण माझ्या टेबलावर येणारे खूप बोर्ड उष्णतेने मेलेले असतात. हळदीच्या पेढीतला कॅबिनेट उघडला की पंख्यावर पिवळा थर असतो, हवा कोंडते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. कपॅसिटरच्या फुगलेल्या टोप्या लाइटने फुगलेल्या नसतात. सॉलिड कपॅसिटर बघून घ्या आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा.

‘वॉरंटी सगळ्यांना आहे.’ आहे, पण सॉकेटची पिन वाकली, गंज चढला किंवा जळल्याची खूण दिसली की ती नाकारली जाते. या इंटेल प्रोसेसरांच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये १७०० पिना आहेत आणि त्या बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. बोर्ड घेताना सॉकेटवरची टोपी काढून उजेडात पिना बघा, मगच बिल करा.

आता पैशांचं. बिनहीटसिंकचा एच६१० आणि हीटसिंकवाला मधल्या दर्जाचा बी७६० यांत साधारण तीन-चार हजारांचा फरक पडतो. पाच वर्षं वापरायच्या पीसीत तो महिन्याला पन्नास ते सत्तर रुपये होतो. हे पैसे काढायचेच असतील तर आय७ वरून आय५-१२४०० वर या. तो ११७ वॅटला थांबतो आणि मध्यम बोर्डावर पूर्ण ताकदीने चालतो.

पीसी जोडून झाला की पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा: कॅबिनेटचं झाकण लावा, ओसीसीटी (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) अर्धा तास चालवा आणि शेजारी वेग-तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. पाचव्या मिनिटाचा क्लॉक लिहून घ्या, तिसाव्याचाही लिहून घ्या; तिसाव्याचा फार खाली असेल तर काहीतरी तापून वेग पडतोय. मग रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावायला सांगा. त्यात एकही एरर आली तरी तो सेट घरी नेऊ नका.