अहो, चालू द्या की जरा!

रेवदंड्याला गेलं की दर वेळी तेच. गावात शिरणारा रस्ता थेट पोर्तुगीज तटबंदीच्या वेशीतून जातो. १५२४ च्या सुमारास कोट बांधणाऱ्यांच्या डोक्यात कुठली आलीय एसयूव्ही? मी आपली मान वर करून वेशीचा दगड बघतेय, तर मागून पॅंऽऽ! काच खाली, आतून कुर्रकुर्र वेफर्स. “ताई, बीच कुठंय?” अरे बाबा, पुढं नारळाची झाडं दिसतायत ना, त्यांच्यापलीकडे! वाजवून काय वेस रुंद होणारे?

कडेला व्हावं तर जागा कुठली? एका अंगाला वाडीचा गडगा, दुसऱ्या अंगाला गटार. परवा उजवी चप्पल त्यातच गेली.

आणि गावातले शहाणे वेगळेच. “चालत कशाला? रिक्षा करा की!”

पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितीन इथल्याच चौल बंदरात उतरला नि पुढं जुन्नर, बिदरपर्यंत गेला. त्याच्यामागे कुणी हॉर्न वाजवला नसणार. मला साधं याच कोटातल्या सातखणी बुरुजापर्यंत धड जाता येत नाही. परत निघाले, तर तीच गाडी समोर. “ताई, बीचवर पार्किंग नाहीये का हो?”